बुवा जेवत नाहीत

भिवपुरी
१२ मे २०२४

व्याही सखाराम यांना कोंडाजीचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. ऑपरेशन झालंय, जिना चढू नका. भागूबाईनं विहीणबाईंना नमस्कार सांगितला आहे. आता मूळ गोष्ट. बुवा जेवत नाहीत.

तुम्ही हसाल, पण मला हसू येत नाही. अक्षयराव आणि आमची सुप्रिया कंपनीच्या कामाला गुजरातेत गेली, तुमचा पाय उशीवर, विहीणबाईंना सरड्याची भीती, म्हणून तुमच्या घरचा हा प्राणी आमच्याकडे आला. टेंपोतून काचेची पेटी उतरवली तेव्हा अर्धी आळी गोळा झाली. शेजारची पारू म्हणाली, "कोंडाजीभाऊ, जावयानं मगर धाडली का काय?" मी सांगितलं, मगर नाही, परदेशातला सरडा आहे, गळ्याखाली दाढी आहे म्हणून बुवा म्हणतात, आणि जावयाचा जीव आहे त्याच्यावर. तेव्हापासून माझाही जीव त्याच्यातच अडकला आहे.

सुप्रियानं जाताना खाण्यापिण्याचं सगळं सांगितलं होतं. माझं चौथी शिकलेलं डोकं, निम्मं राहिलं, निम्मं गेलं. तिला परत विचारायला लाज वाटते. मी सांजेला दिवाबत्ती झाली की पाल्याची ताटली ठेवतो, समोर बसतो, "घ्या बुवा" म्हणतो. बुवा एका डोळ्यानं माझ्याकडे बघतात आणि तो डोळा मिटून घेतात. पेटीत वर मोठा बल्ब आहे. या उकाड्यात त्या जिवाला आणखी बल्ब कशाला, म्हणून मी तो बंद ठेवतो आणि पेटीवर ओलं गोणपाट टाकतो. एवढं करूनही आल्यापासून अन्नाला तोंड लावलेलं नाही.

फोन का केला नाही म्हणाल. मी फोनवर ओरडतो असं सगळे म्हणतात, आणि तुम्हाला ऐकू कमी येतं. आपल्या दोघांचं बोलणं कर्जतच्या बाजारापर्यंत जाईल. किशोरचा टेंपो कुंभिवलीवरून जातो, त्याच्या हाती चिठ्ठी देतो.

पोरांना यातलं काही कळवू नका, एवढी विनंती. मुलीच्या सासरचं जनावर तिच्या माहेरी येऊन उपाशी मेलं, तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तुम्ही बोलणार नाही, मला ठाऊक आहे. पण चार पाहुण्यांत कोणीतरी बोलतंच.

आपला
कोंडाजी


कुंभिवली
१४ मे

कोंडाजीराव, रामराम.

गुडघा बरा आहे. डॉक्टर म्हणतात चाला, सोनुबाई म्हणते बसा. मी सोनुबाईचं ऐकतो, कारण जेवण तिच्या हातात आहे.

तुमच्या ओल्या गोणपाटाखाली बुवाच काय, मीही जेवलो नसतो. हा प्राणी कोरड्या, तापलेल्या मुलखातला आहे हो. अंग तापल्याशिवाय त्याला भूक लागत नाही, आणि खाल्लेलं पचायलाही ऊबच लागते. सकाळी बल्ब लावा, चांगलं शेकू द्या, मग ताटली ठेवा. जेवण झाल्यावरही दिवसभर शेकू द्या. सांजेला दिलेलं पोटात थंड पडून राहतं. त्यापेक्षा उपाशी बरं, एवढं त्याला कळतं. तुम्ही सांजेला आग्रह करता आणि तो डोळा मिटून नको म्हणतो. बिचारा सभ्य आहे.

लाल भोपळा किसून द्या, शेवग्याचा कोवळा पाला द्या, जास्वंदीची फुलं द्या. पालक रोज नको. बुवांचे किडे पेटीसोबत आलेल्या डब्यात कोंड्यामध्ये ठेवले आहेत, देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पांढरी पूड भुरभुरवा. किडा बुवांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वीज गेली तर थोडा वेळ बाहेर उन्हात ठेवा, पण काचेच्या पेटीसकट नको, आत भाजून निघेल.

आणि समोर बसून घ्या घ्या करू नका. जावयाला तसं करता, तोही तुमच्याकडून अर्धपोटी उठतो.

पोरांना काही कळवत नाही. निवांत असा.

सखाराम


भिवपुरी
२२ मे

सखाराम व्याही यांना रामराम.

बुवा जेवले. बल्ब लावून शेकवलं तसा अंगाचा रंगच उजळला, राखाडीचा पिवळसर झाला. मग उठून ताटलीपाशी आले, जीभ भोपळ्याला चिकटवली आणि घास आत. माझ्या तोंडून मोठ्यानं शाबास निघालं. भागूबाई म्हणाली, "अवं, हळू. ठसका लागंल त्याला."

वीज दोनदा गेली. वीज आमच्या डोंगराखाली तयार होते आणि दिवे तुमच्याकडे लागतात, हे कोणाला सांगायचं. वीज गेली की बुवांना टोपलीत घालून ओट्यावर कोवळ्या उन्हाला बसवतो. मांजर येऊ नये म्हणून शेजारी मी, हातात काठी.

आता दुसरीच काळजी लागली आहे. बुवा थांबत नाहीत. पहिली ताटली संपली की पेटीच्या काचेला नाक लावून बसतात. किड्यांचा डबा तळाला आला. परवा भागूबाईनं देवाला काढलेली जास्वंद पाटावर ठेवली होती. बुवा टोपलीतून कधी उतरले कळलं नाही, दोन फुलं त्यांनी देवाच्या आधी घेतली. ती रागावेल म्हणून मी बुवांना पाठीशी घातलं, तर ती म्हणते, "राहू द्या. दोन जिवांची भूक हाय ह्याला." मी म्हटलं, दोन कसली, चार जिवांची आहे. पोटही बाजूंनी फुगलं आहे. खाण्यानं पोट फुटून जनावर मेलं असं मी एका बैलाचं ऐकलं होतं, तेव्हापासून झोप नाही.

पण न देऊन तरी कसं चालेल? जावई म्हणेल, सासऱ्यानं हात आखडला. म्हणून एक विचारतो. ओढ्यावरच्या झाडांना हल्ली काजवे लागले आहेत, झाड पेटल्यासारखं दिसतं. बांधावर नाकतोडेही आहेत. पारू म्हणते, "किडं इकत कशाला आणायचं? बाटलीभर काजवं धरते, घालू त्याला." काजवा डोळ्यांमधल्या अंतरात बसतो, मी मापून बघितला. तुमचं उत्तर आलं की घालतो. पारूला मात्र दम नाही, म्हणून लवकर लिहा.

कोंडाजी


कुंभिवली
२३ मे

कोंडाजीराव,

काजवा देऊ नका. एकही नको, अर्धाही नको. या जातीला काजवा म्हणजे विष आहे, एकानंही जीव जातो. पारूबाईंची बाटली आधी लांब करा आणि मगच पुढचं वाचा.

बांधावरचे नाकतोडेही नकोत, कोणी कुठं फवारलं आहे सांगता येत नाही. किड्यांचा नवा डबा खोपोलीहून मागवला, सोबत पाठवतो. किशोर निघाला होता, त्याला रस्त्यात थांबवून परत बोलावलं. त्यासाठी मला दोन्ही पायांनी फाटकापर्यंत धावावं लागलं. डॉक्टर खूश आहेत, सोनुबाई नाही.

बुवांची एवढी भूक नेमकी कधीपासून आहे आणि पोट कुठल्या बाजूनं फुगलं आहे, ते बघून ठेवा.

सखाराम


भिवपुरी
६ जून

सखाराम व्याही यांना कोंडाजीचा रामराम.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

किशोर आला तेव्हा पारूची बाटली पेटीवरच ठेवलेली होती. तुमची चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. भागूबाईनं बाटली घेतली, ओढ्यावर जाऊन उलटी केली आणि पारूला सांगितलं, "तुझी पुण्याई पारू, झाकण घट बसलं व्हतं." पारू तेव्हापासून आमच्याकडे बघत नाही.

ते टळलं. पण आता बुवांनी पुन्हा खाणं सोडलं आहे, आणि या वेळी माझी चूक कुठली ते मला सापडत नाही. बल्ब चालू आहे. ताटली सकाळी ठेवतो. मी समोर बसत नाही, दाराआडून बघतो. भोपळा नको, फूल नको, किडा नाकावरून गेला तरी नको. आणि स्वस्थ बसत नाहीत. दिवसभर पेटीचे कोपरे उकरतात, खालचे कागद फाडतात, काचेवर नखं घासतात. दाढी काळी पडली आहे. पोट तुम्ही विचारलं होतं, ते दोन्ही बाजूंनी गाठीगाठीचं दिसतं. मी हात लावून बघितला, आत गोट्या असाव्यात असं लागलं.

मला वाटतं त्याला घरी जायचं आहे, म्हणून वाट उकरतो. नाहीतर त्यानं खडे गिळले आहेत. भागूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, फरक नाही. ती मात्र घाबरलेली नाही. म्हणते, "हे दुखणं नाय. हे येगळंच कायतरी हाय. बाईमाणसाला इचारा." कुठल्या बाईमाणसाला विचारू? सुप्रियाला विचारलं तर सगळं उघड होईल.

मी ठरवलं होतं, पेटी घेऊन कुंभिवलीला यायचं आणि तुमच्या पायाशी ठेवायची. मग वाटलं, वाटेत काही झालं तर मेलेलं जनावर घेऊन मुलीच्या सासरी उतरायचं. ते माझ्यानं होणार नाही. मुलीच्या बापाची मान आधीच खाली असते व्याही, आणखी किती खाली घालू.

मलाही जेवण जात नाही. लवकर लिहा.

कोंडाजी


कुंभिवली
७ जून

कोंडाजीराव,

आधी चार घास खा, मग वाचा.

बुवांना कुठंही आणू नका. एक खोल घमेलं किंवा बादली घ्या. त्यात माती आणि वाळू मिसळून वीतभर खोल भरा. माती ओलसर हवी, मूठ वळली तर राहील पण पाणी सुटणार नाही अशी. भात पेरणाऱ्या माणसाला मी काय सांगू. ती पेटीत बसवा, बसत नसेल तर बुवांनाच बादलीत सोडा आणि वर बल्ब धरा. बाजूंना कापड लावा, कोणाची नजर पडता कामा नये. पारूबाईंची नको, तुमचीही नको. पाणी जवळ असू द्या.

मग सोडून द्या त्याला. उकरू द्या हवं तेवढं. दोन दिवसांत काही झालं नाही तर पनवेलला अशा जनावरांचा डॉक्टर आहे, मी गाडी घेऊन येतो, गुडघ्यासकट.

कारण विचारू नका. आता सांगितलं तर तुम्ही भलतीच काळजी सुरू कराल. पण हे जनावर मरायला निघालेलं नाही, एवढं माझ्याकडून लिहून घ्या.

सखाराम


भिवपुरी
१० जून

सखाराम व्याही यांना कोंडाजीचा रामराम.

बुवा बाळंत झाले.

मी हे दुसऱ्यांदा लिहितो आहे, पहिल्या कागदावर शाई सांडली. तुम्ही सांगितलं तसं भाताच्या रोपाला करतात तशी माती केली, घमेलं ठेवलं, भागूबाईनं आपलं जुनं लुगडं भोवती लावलं. आतून रात्रंदिवस खरवड खरवड आवाज. मी ओट्यावर बसून होतो. भागूबाई मला म्हणाली, "सुप्रियाच्या येळंला असंच बसला व्हता, तवा बी काय उपेग नव्हता." सकाळी आवाज थांबला. तिनं लुगडं सरकवून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. बुवा मातीवर पडलेले, पोट खपाटीला गेलेलं, नाकाला चिखल. मातीखाली अंडी. पांढरी, लांबट, मऊ सालीची, वीसेक असतील.

भागूबाई म्हणते, तिला पहिल्यापासून संशय होता. मी म्हटलं, बोलली का नाहीस? तर म्हणते, "दाढी हाय, दाढी हाय म्हणून तुमीच सांगत व्हता. मी म्हटलं, शिकल्याली मान्सं, त्यास्नी ठावं आसंल."

बुवांनी आधी पाणी घेतलं, भागूबाईनं नाकावर थेंब थेंब सोडलं तसं. दुपारी भोपळा घेतला. आज सकाळी पूड लावलेले किडे घेतले, दाढी परत पिवळी झाली आहे आणि माझ्या बोटाकडे खाण्यासारखं बघतात. जीव वाचला, यांचाही आणि माझाही.

पण आता दुसरं. जावई दोन वर्षं ज्याला बुवा म्हणाला ती बाई निघाली, हे त्याला कसं सांगायचं? आणि त्याहून अवघड एक गोष्ट. तुमच्याकडे होती तोवर काही नव्हतं, आमच्याकडे आली आणि हे झालं. लोक काहीही बोलतात. मी देवाशपथ सांगतो, आमच्याकडे कुठलाही सरडा आत आलेला नाही. खिडक्यांना जाळी आहे. कुंपणावर आमचे साधे सरडे असतात, पण ते ओट्यावर चढत नाहीत, आणि मी काठी घेऊन शेजारीच होतो. किशोर साक्षीला आहे. तुमच्या घरची लेक आम्ही नीट सांभाळली.

कोंडाजी


कुंभिवली
१३ जून

कोंडाजीराव,

तुमचं पत्र सोनुबाईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिनं पोळी करपवली, आणि मी ती न बोलता खाल्ली.

अहो, तुमच्या दारात कोंबड्या आहेत ना? कोंबडा विकल्यावर अंडी द्यायच्या थांबल्या का त्या? तसंच हे. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, ती रिकामी असतात, पिल्लं निघत नाहीत. तुमच्या कुंपणावरच्या सरड्यांची अब्रू शाबूत आहे. आणि दाढी या जातीत बायकांनाही असते. दुकानदारानं नर म्हणून दिला, आम्ही दाढी बघून मान डोलावली.

आता मी तुमच्यापासून एक लपवलं ते सांगतो. तुमची पहिली चिठ्ठी आली त्याच दिवशी तिचा फोटो काढून सुप्रियाला पाठवला. पुढच्याही सगळ्या पाठवल्या. मला या जनावरातलं काय कळतं? दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून टीव्ही बघितला, एवढंच. शेकवा, भोपळा किसा, काजवा देऊ नका, ओली माती ठेवा, हे सगळं तिनं सांगायचं आणि मी लिहायचं. काजव्याच्या चिठ्ठीला तर ती फोनवर रडकुंडीला आली होती, म्हणून मी धावलो. गोट्या लागतात असं तुम्ही लिहिलंत तेव्हा तिनं डॉक्टरला विचारलं आणि ओळखलं. समोर बसून घ्या घ्या करू नका, हेही तिचंच. जावयाचं तेवढं मी घातलं.

तिला ऐकून घ्यावं लागेल असं तुम्ही लिहीत होता आणि ती ते वाचत होती. या घरात बुवांचंच नाही, माझ्या गोळ्यांचं, सोनुबाईच्या साखरेचं, अक्षयच्या पगाराचंसुद्धा तिलाच विचारतात. काल मला म्हणाली, "मामा, आबांना एकदा समोर बसवून सांगा. तिथं मीच सगळ्यांना ऐकवते म्हणावं."

पोरं पुढच्या रविवारी येतात. तुम्ही दोघं बुवांना घेऊन या, आणि जेवायलाच या. लग्नाला दोन वर्षं झाली. तुम्ही येता, ओट्याच्या कडेला टेकता, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं पिता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, आमच्यात रीत आहे, असं म्हणून उठता. सोनुबाई दर वेळी ताट झाकून ठेवते आणि सांजेला मला ते खायला लागतं. रीत मोडा असं मी म्हणत नाही. पण मूल कोणाचं, हे रीतीत सांगितलेलं नाही. या घरातली एक बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं तसं झालं, ते तुम्ही स्वतः केलंत. पोरांचं त्यांच्या सवडीनं होईल. त्याच्यासाठी माझा व्याही माझ्या दारात उपाशी का बसावा?

किशोरबरोबर बाळंतविडा पाठवला आहे. ताजे किडे आणि पूड बाळंतिणीला, लुगडं भागूबाईंना, कारण त्यांचं एक घमेल्याभोवती खराब झालं.

सखाराम


भिवपुरी
१७ जून

सखाराम व्याही यांना कोंडाजीचा रामराम.

लुगडं पोचलं. भागूबाईनं रंग उन्हात नेऊन बघितला, तिला आवडला. बाळंतीण चांगली जेवते.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी राग आला, तुम्ही माझी अक्षरं मुलीला दाखवलीत म्हणून. मान खाली घालण्याचं मी लिहिलं होतं, ते तिनं वाचायला नको होतं. मग भागूबाई म्हणाली, "वाचलं ते बरं झालं. तुमी तोंडानं कधी बोललाच नसता."

जेवणाचं मी एकट्यानं ठरवू शकत नाही. भावकीत येसाजीदादा वडील आहे, त्याच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, दादा, अंड्यांवर चालतं का? तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "फळल्याली हायत का?" मी म्हटलं, नाय, रिकामी हायत. आणखी थोडा वेळ मळली. म्हणाला, "मंग आर्धं ताट जेव." घरी येईपर्यंत हसूच आवरलं नाही, रस्त्यात पारू भेटली, तिच्याकडेही हसलो, तीही हसली.

तेव्हा रविवारी आम्ही किशोरच्या टेंपोनं येतो. पेटी मी मांडीवर धरीन, खड्ड्यांचा भरवसा नाही. बुवांना सकाळीच शेकवून आणि जेवू घालून आणू, म्हणजे प्रवासात पोट थंड पडायला नको. दुपारचं ऊन पेटीवर येऊ नये म्हणून छत्री घेतली आहे. विहीणबाईंना सांगा, त्यांना बुवांजवळ यायची गरज नाही. आणि मला वांगं सोसत नाही, तेवढं बघा. नव्या ठिकाणी मला घास कितपत उतरेल सांगता येत नाही, नाही उतरला तर मनाला लावून घेऊ नका.

सुप्रिया, हेही तू वाचशीलच, म्हणून शेवटचं तुलाच लिहितो. येसाजीदादानं अर्धं ताट सांगितलं आहे, तेवढंच मी वाढून घेईन. बाकीच्या अर्ध्याचा आग्रह तू कर. लेकीचा आग्रह मोडायचा नाही अशीही एखादी रीत कुठंतरी असेलच. नसली तर मी चालू करतो.

तुझे आबा